दादर, पिला हाऊस, परळ

नाटक ही प्रयोगनिष्ठ कला आहे, हे विधान मराठीच्या पदव्युत्तर उत्तरपत्रिकांत जितक्या वेळा येते तितक्या वेळा दुसरे कोणतेही विधान क्वचितच येत असेल. ते लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्यांनी आपल्या अभ्यासक्रमातील एकाही नाटकाचा प्रयोग पाहिलेला नसतो. आणि मोकळेपणाने बोलायचे तर ते विधान फळ्यावर लिहून देणाऱ्यांची स्थितीही पुष्कळदा फारशी निराळी नसते. परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी सतरा वर्षे नाटक शिकवणाऱ्या एक अध्यापिका अशांपैकीच होत्या. महाविद्यालयात त्यांना सगळे ‘बाई’ म्हणत. त्यांनी नाटके मुळी पाहिलीच नव्हती असे नाही. स्नेहसंमेलनातील एकांकिका, युवक महोत्सव, राज्य नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेरीतील काही प्रयोग आणि जिल्ह्याच्या गावी दौऱ्यावर आलेली दोन-तीन विनोदी नाटके एवढा त्यांचा संचय होता. परंतु जी नाटके त्या शिकवीत, ती त्यांनी केवळ वाचली होती. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील बेणारेचे अखेरचे स्वगत त्यांना जवळजवळ पाठ होते. ते उच्चारायला एका नटीला किती वेळ लागतो, याची मात्र त्यांना कल्पना नव्हती.

विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने ‘नाटक आणि रंगभूमी’ या अभ्यासपत्रिकेच्या फेररचनेसाठी एक उपसमिती नेमली आणि तीत बाईंचे नाव घातले. चारपैकी तीन नाटके पहिल्याच बैठकीत ठरली. चौथ्याची जागा रिकामी राहिली. ती सुचवण्याचे काम बाईंकडे आले. दिवाळीच्या सुट्टीत देवगिरी एक्स्प्रेसने त्या मुंबईला निघाल्या, त्याला निमित्त एवढेच. एम. ए.च्या वर्गातील एक मैत्रीण परळला राहत होती. तिच्याकडे चार दिवस राहायचे आणि मिळतील तेवढी नाटके पाहायची, असा बेत होता.

मुंबईच्या नाट्यवस्तीविषयी बाहेरगावच्या वाचकाच्या मनात एक चित्र असते. ते बहुधा लंडनविषयीच्या वाचनातून आलेले असते: एक रस्ता, त्याच्या दोहों बाजूंना नाटकगृहे, आणि प्रत्येक दारावर आतल्या नाटकाची कायमची पाटी. लंडनमध्ये हे खरेही आहे. अगाथा ख्रिस्तीचे ‘द माउसट्रॅप’ १९५२ साली तेथे सुरू झाले आणि १९७४ मध्ये शेजारच्या सेंट मार्टिन्स थिएटरात गेले, हीच त्याच्या स्थलांतराची मोठी घटना. मराठी नाटकाची रीत याच्या अगदी उलट आहे. येथे नाटक कोणत्याही एका नाट्यगृहाचे नसते. आज दुपारी शिवाजी मंदिर, रात्री ठाण्याचे गडकरी रंगायतन, उद्या विलेपार्ल्याचे दीनानाथ, परवा वाशी किंवा पुणे. दादरच्या शिवाजी मंदिरात एका रविवारी तीन निरनिराळ्या संस्थांची तीन नाटके होऊ शकतात. म्हणून मुंबईची नाट्यवस्ती पाहायची तर ती रस्त्यावर सापडत नाही. ती वर्तमानपत्राच्या जाहिरातींच्या पानावर सापडते. कोणते नाटक, कोठे, किती वाजता, कितवा प्रयोग, तिकीटविक्री कधीपासून, हे सारे तेथे दाटीवाटीने छापलेले असते. बाईंनी मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात ते पान पसरले तेव्हा त्यांना ते एखाद्या रेल्वेच्या वेळापत्रकासारखे वाटले. आणि ही उपमा फारशी चुकीची नव्हती. नाट्यगृहांच्या तारखा, नटांच्या चित्रीकरणाच्या तारखा आणि सामान वाहणाऱ्या टेम्पोचे तास यांचा मेळ बसला तरच मराठी नाटक उभे राहते. आपल्या समीक्षेत नेपथ्याच्या प्रतीकात्मकतेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ते नेपथ्य दोन प्रयोगांच्या मधल्या दीड-दोन तासांत उतरवून, दुमडून, दोरीने बांधून हलवता आले पाहिजे, या अटीने त्याचे रूप किती ठरते, याविषयी फार थोडे.

श्री शिवाजी मंदिर १९६५ साली उभे राहिले. समोर प्लाझा, पलीकडे भाजी-फुलांचा बाजार, पुस्तकांची दुकाने. बाई पोचल्या तेव्हा दाराशी एक टेम्पो उभा होता आणि त्यातून एका दिवाणखान्याचे दार उतरवले जात होते. भिंत अजून आली नव्हती. आदल्या नाटकाचा जिना दुसऱ्या बाजूने खाली येत होता. बाई हे पाहत बराच वेळ उभ्या राहिल्या.

दुपारचे नाटक कौटुंबिक विनोदी होते. अशा नाटकांविषयी बाईंचे मत तयार होते, कारण ते त्यांना शिकवायला लागत असे. फळ्यावर त्या दोन रकाने आखत: एका बाजूस व्यावसायिक, दुसऱ्या बाजूस प्रायोगिक, एका बाजूस रंजन, दुसऱ्या बाजूस जीवनदर्शन. या विभागणीला आधार नव्हता असे नाही. शिवाजी मंदिरापासून थोड्या अंतरावर असलेल्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ने जी चळवळ चालवली, तिने मराठी नाटकाला निराळे डोळे दिले, आणि ते करताना समोरच्या मोठ्या नाट्यगृहातील सवयींना नकार देणे भागच होते. परंतु नकार देणाऱ्याला नाकारलेली गोष्ट ठाऊक असते. रकाने आखणाऱ्याला ती ठाऊक असतेच असे नाही.

त्या दुपारी बाईंच्या ध्यानात आले ते असे. नाटकातील विनोद वाचले असते तर त्यांतील निम्म्यांवर त्यांनी शिळेपणाची खूण केली असती. पण मुख्य नट वाक्य टाकून थांबत होता. हशा सुरू होई, वर चढे, आणि तो ओसरू लागण्याच्या नेमक्या क्षणी, पूर्ण विरण्याआधी, तो पुढचे वाक्य त्यात सोडी. एकदा हशा अपेक्षेपेक्षा लवकर संपला. नटाने कोणालाही कळू न देता टेबलावरचा पेला उचलून पुन्हा ठेवला. तेवढ्यात लय सावरली. हा पेला संहितेत नसणार. असला तरी तो उचलण्याचे कारण संहितेत नसणार. मध्यंतरात बटाटावड्यासाठी जी गर्दी उसळली तीत गिरणगावातील, बोरिवलीचे, डोंबिवलीहून आलेले लोक होते. पहिल्या अंकातील वाक्ये एकमेकांना पुन्हा सांगून हसत होते. नाटक सुमारच होते, याविषयी बाईंचे मत बदलले नाही. सुमार नाटकाचा प्रयोग सुमार नसू शकतो, हे मात्र त्यांच्या कोणत्याही रकान्यात बसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ग्रँट रोडला गेल्या. मैत्रिणीला हा बेत पसंत नव्हता. “तिथं आता काय आहे पाहायला?” असे ती म्हणाली, आणि एका अर्थी तिचे खरे होते. वाटेत गिरगावात रॉयल ऑपेरा हाउस लागते. १९११ साली पंचम जॉर्ज यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. १९९३ मध्ये ते बंद पडले आणि २०१६ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडले. त्याच्या नशिबी जे आले ते ग्रँट रोडच्या नाटकगृहांच्या नशिबी आले नाही. जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने १८४६ साली ग्रँट रोडवर जे नाटकगृह उभे राहिले, तेथे १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने तिकीट लावून खेळ केले. त्याच वर्षी तेथे पारशी नाटक मंडळीही अवतरली. मागून एकेक नाटकगृह उभे राहिले आणि ‘प्ले हाउस’चे ‘पिला हाऊस’ झाले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी नाटके एकाच मोहल्ल्यात, बहुधा एकमेकांचे पडदे, युक्त्या आणि चाली उचलीत होत असत. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग केला तो येथल्याच बालीवाला थिएटरात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव गेले. मराठी संगीत नाटकाच्या इतिहासातील ही तारीख प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. थिएटराचे नाव मात्र बहुतेकांच्या टिपणांतून गळालेले असते.

बाईंना तेथे नाटकाची खूण अशी दिसली नाही. नाटकगृहांची पुढे चित्रपटगृहे झाली आणि त्यांचीही रया गेली. हातगाड्या, जुन्या यंत्रांचे सुटे भाग, चहाची दुकाने, आणि आतल्या गल्ल्यांतून तो बाजार, ज्याच्या शेजारच्या वस्तीतून १९७२ साली ‘गोलपिठा’ आला. एका बाईमाणसाने एकटीने रेंगाळावे अशी ती जागा नव्हती आणि बाई रेंगाळल्याही नाहीत. पण रस्त्याच्या नावाची पाटी त्यांनी थांबून वाचली. फॉकलंड रोडचे नाव पठ्ठे बापूराव मार्ग असे आहे. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे नाव आणि त्याबरोबरची सगळी प्रतिष्ठा टाकून जो माणूस तमाशात शिरला, पवळेबरोबर ज्याने मुंबईची थिएटरे गाजवली, त्याचे नाव महापालिकेने रस्त्याला दिले आहे. विद्यापीठाने त्याला ‘लोकसाहित्य’ या वेगळ्या अभ्यासपत्रिकेत बसवले आहे. ‘नाटक आणि रंगभूमी’ या पत्रिकेचा इतिहास सांगलीच्या राजवाड्यात १८४३ साली सुरू होतो, किर्लोस्करांकडे जातो, आणि ग्रँट रोडवरून जाताना जणू गाडीच्या खिडक्या लावून घेतो.

त्या रात्री माटुंग्याच्या यशवंत नाट्यमंदिरात ‘वाडा चिरेबंदी’ होते. महेश एलकुंचवारांचे हे नाटक १९८५ साली विजया मेहता यांनी प्रथम रंगमंचावर आणले. १९९४ मध्ये ‘आविष्कार’साठी चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ हे त्रिनाट्य सलग सादर केले. पुढे दोनएक दशकांनी ‘वाडा’ त्यांनीच पुन्हा उभे केले. बाई हे नाटक अकरा वर्षे शिकवीत होत्या. सरंजामी मूल्यांचा ऱ्हास, वाडा हे प्रतीक, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर हेही प्रतीक, भास्कर आणि सुधीर यांच्यातील संघर्ष असे त्यांचे मुद्दे ठरलेले होते. नाटकातील म्हातारी दादी अधूनमधून किती वाजले ते विचारते आणि गेलेल्या मुलाला हाक मारते. वर्गात हा भाग आला की मुले हसत. तिसऱ्या-चौथ्यांदा तो आला की बाई “दादी पुन्हा तेच विचारते” असे म्हणून पुढच्या संवादाकडे वळत. वाचणारा डोळा पुनरावृत्तीवरून सरकत जातो. तो त्याचा धर्मच आहे.

कानाला असे सरकता येत नाही. तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा प्रेक्षागृहातही कोणी हसले. दुसऱ्यांदा कमी हसले. त्यानंतर तो आवाज येण्यापूर्वीच लोक त्याची वाट पाहू लागले, आणि तो आला की कोणी हलत नसे. घरातली माणसे पैशांविषयी, दागिन्यांविषयी, तेराव्याच्या खर्चाविषयी बोलत होती आणि बोलणे तुटत होते ते कोणाच्या युक्तिवादाने नव्हे, त्या चौकशीने. बाईंच्या अंधारातच ध्यानात आले की अकरा वर्षे त्यांनी नाटकातील काळ गाळून नाटक शिकवले होते. ऱ्हास हा शब्द त्यांनी शेकडो वेळा वापरला होता. तो किती सावकाश होतो, हे पुस्तकाच्या पानावर दिसण्याची सोय नव्हती. संहिता ही प्रयोगाची शक्यता असते, असे पाश्चात्त्य अभ्यासकांच्या आधाराने सांगता येते आणि बाई ते सांगतही असत. पण शक्यता म्हणजे काय हे कळायला शेजारच्या खुर्चीवरील अनोळखी माणसाचा रोखलेला श्वास लागतो.

येथे प्रवास संपायला हरकत नव्हती. चौथे नाटक सापडल्यासारखेच होते. निदान ते कसे शिकवावे याचे सूत्र हाती आले होते. परंतु मैत्रिणीचे सासरे होते. सगळे त्यांना आबा म्हणत. गुहागर तालुक्यातून वयाच्या सोळाव्या वर्षी मुंबईत आलेले, गिरणीत साचेवाले, १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगारांबरोबर बाहेर पडलेले आणि पुन्हा आत न गेलेले. जयंत पवारांचे ‘अधांतर’ (१९९७) ज्या घरांविषयी आहे, त्यांपैकीच त्यांचे घर. ते नाटक तुम्ही पाहिले का, असे बाईंनी विचारले तेव्हा ते म्हणाले, “बाई, ते आमच्या घरात होऊन गेलं. तिकीट काढून कशाला बघू?” मग लालबागच्या हनुमान थिएटराविषयी बोलू लागले: पगाराच्या दिवशीचा तमाशा, पाळी सुटल्यावर तसेच अंगावरच्या कपड्यांनी जाणे. ते थिएटर गेले, गिरण्या गेल्या. “पण आमचं नमन आहे,” ते म्हणाले. “उद्या रात्री दामोदरला. येता?”

परळचा दामोदर हॉल १९२२ साली सोशल सर्व्हिस लीगने उभारला. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेला कामगारांच्या रात्रशाळेइतकीच त्यांच्या करमणुकीचीही चिंता होती. कामगार रंगभूमीच्या कितीतरी नटांनी तेथे पहिल्यांदा तोंडाला रंग लावला. बाई गेल्या तेव्हा तो हॉल चालू होता. २०२३ च्या नोव्हेंबरात पुनर्बांधणीसाठी तो बंद झाला आणि रंगकर्मींना त्यासाठी रस्त्यावर यावे लागले. त्या रात्रीच्या खेळाची जाहिरात कोणत्याही वर्तमानपत्रात नव्हती. ती परळ स्थानकाजवळच्या भिंतीवर चिकटवलेली होती, आणि तिकिटे घरोघर फिरून विकली गेली होती.

हॉल भरला होता. मृदंग आणि टाळ सुरू झाले, नमन झाले, गण झाला, मग गवळण. गौळणींच्या वेशात पुरुष होते. त्यांपैकी एक, आबांनी सांगितले, बेस्टमध्ये वाहक. मावशी आणि पेंद्या यांचे संवाद जागच्या जागी रचले जात होते आणि त्यांत परळच्या पुलापासून गावच्या ग्रामपंचायतीपर्यंत सगळे येत होते. मध्येच खेळ थांबे आणि कोणी पन्नास, कोणी एकशे एक रुपये बक्षीस दिल्याचे देणाऱ्याच्या गावासकट जाहीर होई. ज्याला बक्षीस मिळाले तो सोंग न सोडता वाकून नमस्कार करी. बाईंना आधी हा व्यत्यय वाटला. नंतर कळले की व्यत्यय असा शब्द वापरायला आधी खेळ आणि लोक यांच्यात एक भिंत असावी लागते. ब्रेख्तवरील एका चर्चासत्रात त्यांनी निबंध वाचला होता. त्यातील काही वाक्ये आता आठवून त्यांना किंचित संकोच वाटला.

गवळणीनंतर वग लागला. ऐतिहासिक कथानक होते, भडक होते, भाषणे लांब होती. पण एका प्रवेशात राजाचा कारभारी गावाची जमीन लिहून घेतो आणि अंगठा देणारा म्हातारा शाई कोठून आणली असे विचारतो, तेथे सगळा हॉल एकदम गप्प झाला. आबांनी बाईंकडे पाहिले नाही. ज्यांची गावाकडची जमीन तुकड्या-तुकड्यांनी गेली आणि इकडची गिरणीही गेली, अशा लोकांपुढे तो प्रश्न विचारला जात होता. आदल्या रात्रीची माटुंग्याची शांतता आणि ही शांतता यांत फरक होता, परंतु जातकुळी एक होती. पहिली कोणत्या पत्रिकेत जाते हे बाईंना ठाऊक होते.

खेळ संपल्यावर आबांनी त्यांना रंगपटात नेले. वगाचे लेखक मंडळाचे ‘मास्तर’ होते. वय साठीच्या पुढे, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. बाईंनी वगाची प्रत मागितली. मास्तरांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. निळी शाई, लाल शाईने केलेल्या दुरुस्त्या, समासात नटांची नावे. नावांपैकी काही खोडलेली होती; ते लोक आता नव्हते. वही त्यांनी बाईंच्या हाती दिली, पण बोट एका कोपऱ्यावरून काढले नाही.

“छापली का नाही मास्तर?” बाईंनी विचारले.

“छापली तर दुसरं मंडळ उचलील,” मास्तर म्हणाले. “आणि छापून वाचणार कोण? आमचे लोक बघतात.”

बाईंनी छायाप्रत काढण्याची परवानगी विचारली. मास्तरांनी आबांकडे पाहिले. शिमग्यानंतर बघू, गावाला या, तिथे बसून हवी तेवढी उतरून घ्या, असे ठरले. त्या शिमग्याला परीक्षा असतात, हे बाईंनी सांगितले नाही.

उपसमितीच्या पुढच्या बैठकीसाठी विद्यापीठाने एक छापील तक्ता पाठवला होता. सुचवलेल्या प्रत्येक नाटकासाठी लेखक, प्रकाशक, आवृत्ती, किंमत आणि बाजारातील उपलब्धता असे पाच रकाने होते. यांपैकी एकही रिकामा असल्यास पुस्तकाचा विचार होणार नाही, अशी तळटीप होती. बाईंनी चौथ्या नाटकाच्या ओळीत पेनाने एक परिचित, उपलब्ध आणि सर्वांना चालण्यासारखे नाव लिहिले. मग त्याखाली, जेथे ओळ आखलेली नव्हती तेथे, पेन्सिलीने वगाचे नाव लिहिले, लेखकाच्या जागी ‘मास्तर’ आणि प्रकाशकाच्या जागी मंडळाचे नाव. किमतीच्या रकान्यात त्यांना बराच वेळ काही सुचेना. दामोदरच्या त्या रात्रीचे तिकीट पर्समध्ये अजून होते. त्यावरचा आकडा पाहून त्यांनी तोच तेथे उतरवला.